निशानी एकच असते

देवकाबाईंच्या घरात ‘निशानी’ हा शब्द कोणी सहज उच्चारत नसे.

सासरचं भांड्यांचं दुकान, तेही वर्ध्याच्या भर बाजारात, म्हणजे जुन्या वस्तू रोज दारात यायच्या. पण दुकानात आलेल्या जुन्या भांड्याला एकच नाव होतं, मोड. फुटका गुंड, बूड गेलेला गंज, कान तुटलेली कढई, जे काही असेल ते गिऱ्हाइकानं तराजूत टाकायचं, वजनाचे पैसे वजा करून नवं भांडं न्यायचं. मोडीचं पोतं भरलं की ते भट्टीला जायचं आणि तिथे सगळ्यांचं एकच पितळ व्हायचं.

मोडीत फुटकीच भांडी येत असंही नाही. सासू वारली, वाटण्या झाल्या, नव्या सुनेला स्टीलची हौस आली, म्हणजे धडधाकट भांडीही यायची. एकदा आंजी गावची एक बाई आईचा गडवा घेऊन आली होती. तिनं तो तराजूत ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलून पदरात घेतला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. देवकाबाईंचे यजमान सदाशिवराव तसे मवाळ माणूस, पण तराजूपुढे त्यांचा आवाज बदलत असे.

“बाई, एक काय ते ठरवा,” ते म्हणाले. “तराजूत टाकलं का मोड, घरी नेलं का निशानी. मधलं काई नाई.”

बाई गडवा घेऊन एसटीनं परत गेली. पंधरवड्यानं पुन्हा आली, तोच गडवा तिनं तराजूत ठेवला आणि स्टीलची टाकी घेऊन गेली. देवकाबाई त्या वेळी दुकानाच्या मागच्या दारात उभ्या होत्या. दुकानाचा नियम त्यांना त्या दिवशी पुरता कळला.

शब्दाचा दुसरा नियम त्यांना सासूनं शिकवला होता, तोही लग्नानंतर पहिल्याच महिन्यात. देवकाबाईंचं माहेर गिरडचं. लग्नात आईनं तिचा पितळी कोपर दिला होता, पीठ मळायला घेतात तो. एक दिवस शेजारणीला दाखवताना नवी सून कौतुकानं बोलून गेली, “हे माह्या मायची निशानी.”

सासूनं शेजारणीसमोरच दंडाला चिमटा काढला. “माय मेली काय वं तुही?”

“नाई.”

“मंग कोपर म्हन. निशानी कायले म्हनतं? जित्या मानसाची वस्तू असते, निशानी नसते. मानूस गेला का मंग म्हनजो.”

तेव्हापासून देवकाबाई शब्द तोलून वापरू लागल्या. आई गेली तेव्हा कोपर निशानी झाला. सासू गेली तेव्हा तिचा अडकित्ता निशानी झाला. सदाशिवराव गेले तेव्हा त्यांचा चष्मा. एका माणसामागे एक वस्तू. बाकीचं सामान वापरायचं असतं, वाटायचं असतं.

तिसरा नियम धंद्याचा होता. मोडीत आलेलं एखादं भांडं इतकं चांगलं असे की भट्टीला द्यायला जीव होत नसे. ते घासूनपुसून गरिबाला स्वस्तात विकलं जाई. पण त्याआधी त्यावरचं नाव मिटवायचं. त्या काळी प्रत्येक भांड्यावर नाव असायचं, कोणी कोणाला लग्नात दिलं ते. दुकानाच्या ओट्यावर चिंधू बसायचा, तो छिन्नी-हातोडीनं टिंबं मारून नावं टाकायचा, आणि कानस घेऊन नावं घासून मारायचाही तोच. दुसऱ्याच्या नावाचं भांडं दुकानात मांडायचं नाही. सदाशिवरावांच्या वडिलांनी तो दंडक घातला, सदाशिवरावांनी पाळला, आणि पुढे मुलाला, नातवालाही तो पाढ्यासारखा पाठ करून दिला.

देवकाबाईंचं काम मोड निवडायचं. पितळ एकीकडे, तांबं एकीकडे, कासं वेगळं. चौथी पास होत्या, वाचता यायचं. निवडता निवडता त्या भांड्यांवरची नावं वाचत. कोण्या गावची कोण बाई, तिचं नाव एकदा मनात म्हणत आणि भांडं पोत्यात टाकत. त्या घरातल्या बायका दुकानात बसत नसत. बाहेरचं जग त्यांच्यापर्यंत असं भांड्यांवरून यायचं.

त्यांची पहिली मुलगी कोकिळा याच मोडीच्या ढिगात रांगली. चालायला लागली ती ओट्यावर चिंधूपाशी जाऊन बसू लागली. तो टिंबं मारायचा आणि ही मान डोलवायची. तीन वर्षांची असताना तिनं हट्ट धरला, “माहं नाव टाक.”

“कायवर टाकू माय? तुह्या टकुऱ्यावर?” चिंधू म्हणाला.

कोकिळेनं दुकानातून पितळेचा एक पेला उचलून आणला. कमरेत बारीक, काठाला दुमड घातलेला, तेव्हा सगळीकडे तसेच पेले असत. सदाशिवराव गल्ल्यावरून हसले, “टाक लेका. दुकानातला एक माल कमी झाला समजू.”

चिंधूनं काठाखाली नाव टाकलं. कोकिळा. पुढे आडनाव नाही, मागे ‘चि.’ नाही, कोणाकडून भेट तेही नाही. त्यानंतर ती पोर दुसऱ्या भांड्यातून पाणी प्यायली नाही. वाचता येत नव्हतं, म्हणून बोटानं चाचपून बघायची आणि मग तोंडाला लावायची.

पाच वर्षांची झाली त्या पावसाळ्यात बाजारात हगवण-ओकारीची साथ आली. तान्हा पोळा आठवड्यावर होता आणि तिच्यासाठी लाकडी नंदीबैल आणून ठेवला होता. दोन दिवसांत पोर गेली.

मोठं माणूस गेलं तर त्याचं दहावं-तेरावं असतं, फोटोला हार असतो, अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याच्या नावानं पाणी असतं. लेकराचं काही नसतं. त्यात सासूची समजूत अशी, की गेलेल्या लेकराची वस्तू घरात राहिली तर पुढची कूस उजवत नाही. तिनं फ्रॉक, टोपडी, नंदीबैल, सगळं गाठोड्यात बांधून नदीवर पाठवलं. फोटो काढलाच नव्हता. राहिला पेला. पण दुकानदाराच्या घरात पितळ कोणी नदीत टाकत नाही. सासूनं पेला मोडीच्या पोत्यात टाकला.

दुपारी दुकान बंद करून पुरुष जेवायला बसले होते. देवकाबाईंनी वाढता वाढता मागे जाऊन पोत्यात हात घातला. पेला बोटांना लगेच सापडला. पण तो ठेवायचा कुठे? पेटीत ठेवला तर सासू पेटी उघडते. मग त्यांनी मोडीतूनच तसल्याच घडणीचे आणखी पाच पेले निवडले. कोण्या शकुंतलाबाईचा, कोण्या प्रमिलाबाईचा, ज्यांची नावं होती त्यांचे. सहाही एका फडक्यात बांधून दुकानामागच्या फळ्यांच्या माळ्यावर ठेवून दिले. एकट्या पेल्याला कोणीही विचारलं असतं, हा कोणाचा? सहा पेले म्हणजे माल.

पुढे दोन वर्षांनी प्रफुल झाला. सासूची समजूत खरी नव्हती हे देवकाबाईंना कळलं, पण सांगणार कोणाला? घरात कोकिळेचं नाव कोणी घेत नव्हतं. सदाशिवरावही घेत नव्हते. एकदाच असं झालं, की भट्टीचा माणूस मोड न्यायला आला आणि सदाशिवराव आणखी काही सापडतं का ते पाहायला माळ्यावर चढले. देवकाबाई खाली शिडी धरून उभ्या होत्या. बराच वेळ वर काही आवाज नाही. मग ते रिकाम्या हातांनी उतरले आणि त्या माणसाला म्हणाले, “वरचं काई न्यायचं नाई. हलकं आहे ते.” त्यांनी फडकं सोडलं होतं की नाही, नाव वाचलं की नाही, हे देवकाबाईंनी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. जन्मभर संसार झाला आणि हे तेवढं राहून गेलं.

अखजी भर उन्हाळ्यात येते. वर्ध्याचं ऊन तेव्हा डोळ्यांपुढे काळोखी आणतं. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, पान वाढतात. सासऱ्यांचं, पुढे सासूचं, शेवटी सदाशिवरावांचंही पाणी देवकाबाईंनी भरलं. पण ते सगळं आटोपल्यावर, घरातले आंब्याचा रस खाऊन आडवे झाले की त्या माळ्यावर चढून गाठोडं काढायच्या. फडकं सोडायचं, सहा पेल्यांवरून एकेक करून बोट फिरवायचं. दिव्याची गरज नसे. कोकिळेचा पेला सापडला की त्यात माठाचं पाणी भरायचं आणि आपणच प्यायचं. पोरीला पोचायचं तर पोचू दे, नाही तर नाही. एवढंच ते होतं. पेला धुऊन पुन्हा पाचांमध्ये ठेवायचा आणि फडक्याला गाठ मारायची.

गुडघे गेल्यावर माळ्यावर चढणं संपलं. मग त्या नातीला, आचलला, सांगायच्या, “ते गाठोडं काढून दे वं, पेले घासाचे आहे.” आचल काढून द्यायची. “आजी, तुला एवढे सगळे पेले कशाला लागतात?” असंही विचारायची. “पेलेच आहे, काय करतं,” एवढं उत्तर मिळे.

सदाशिवरावांमागे धंदा बसला. पितळ तर केव्हाच गेलं होतं, मग स्टीलचंही गिऱ्हाईक येईना, लोक घरबसल्या मोबाइलवरून भांडी मागवू लागले. प्रफुलनं दोन वर्षं ओढून पाहिलं. शेवटी नातू स्वप्निल म्हणाला की ट्रॉलीवाल्या स्वयंपाकघरांचं शोरूम काढू. यंदा अखजीच्या मुहूर्तावर उद्‌घाटन ठरलं. तोडफोडीची धूळ देवकाबाईंना सोसायची नाही, म्हणून त्यांना भावाकडे गिरडला ठेवलं.

गिरडला त्या रोज संध्याकाळी अंगणात बसून टेकडीकडे पाहत आणि भाच्याला विचारत, “अखजीच्या आंधी पोचवशील ना बापा?” भाचा म्हणे, “आत्या, पोहोचवतो ना. तुमच्याबिगर फीत कापन काय कोनी?” त्यांना फितीचं काही नव्हतं. माळा पाडणार हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

अखजीच्या आदल्या दिवशी सकाळी भाच्यानं त्यांना गाडीतून वर्ध्याला आणून सोडलं. दारातच स्वप्निल उभा.

“आजी, डोळे मीट.”

“आता कायमचेच मिटन लेका, तू कायले घाई करून राह्यला?”

“मीट तर खरं!”

प्रफुल आत दाराला खिळे ठोकत होता. तो हसला. “मीट वं आई. पोरगा आठ दिवस नीट जेवला नाई ह्या पायी.”

हाताला धरून स्वप्निलनं त्यांना आत नेलं. डोळे उघडले तर दुकान ओळखू येईना. पांढऱ्या भिंती, गुळगुळीत ओटे, चार बर्नरच्या शेगड्या. आणि समोर, जिथे गल्ला असायचा तिथे, काचेचं उंच कपाट. आत दिवे. दिव्यांखाली सोन्यासारखा गुंड, सोन्यासारखा गंज, तो गिरडचा कोपर, सदाशिवरावांचा तराजू. वर सोनेरी अक्षरांत पाटी, ‘आजीची निशानी’.

देवकाबाईंना क्षणभर बरं वाटलं. पोरानं मनापासून केलं होतं, ते दिसत होतं. मग त्यांनी पाटी पुन्हा वाचली.

“हे काय लिहून ठेवलं बे?”

“निशानी. आठवण म्हणून.”

“कोनाची?”

“तुही ना!”

“मी मेली काय?”

प्रफुलच्या हातातला हातोडा खाली आला इतका तो हसला. “म्हटलं होतं मी ह्याले. ‘वारसा’ लिही म्हटलं. ऐकते काय?”

“जित्या मानसाची निशानी नसते रे पोट्ट्या,” देवकाबाई म्हणाल्या. “उद्या लोक येतीन, मले खुर्चीवर पाह्यतीन आन् फोटो समजून हार घालतीन.”

“बदलतो ना आजी. आजच बदलतो. चिडू नको. पन पाह्य तर, कशी झळकून राह्यली! नागपूरले नेऊन बफिंग केलं. सगळे पोचे काढले. वरून लाखेचा हात मारला, आता जन्मात काळी पडत नाई.”

देवकाबाईंची नजर मागे गेली. मागची भिंत सपाट होती. जिथे माळ्याच्या फळ्या होत्या तिथे गार हवेचं यंत्र बसवलेलं होतं.

“माळा कुठी गेला?”

“पाडला. पन एक वस्तू टाकली नाई, आईशप्पथ. सगळं ह्याच्यात आहे.”

“पेले होते फडक्यात.”

“हे काय खाली.” स्वप्निलनं काच सरकवली. खालच्या फळीवर सहा पेले अर्धगोलात मांडले होते. “घे ना, पाह्य.”

त्यांनी पहिला घेतला. काठाखाली बोट फिरवलं. ठेवला. दुसरा घेतला. स्वप्निलला वाटलं, आजी कौतुकानं हात फिरवते आहे. तो एकेक हातात देत गेला. सहाव्यावर त्यांचं बोट गोल फिरत राहिलं, थांबेना.

“नावं होती ह्याच्यावर,” त्या म्हणाल्या.

“होती ना. मारायले लावली सगळी. दुसऱ्याच्या नावाचं भांडं दुकानात मांडायचं नाई, आबांनीच तं शिकवलं. मी म्हटलं, आजीच्या कपाटात ह्या बायका कोन? कोनी शकुंतला, कोनी प्रमिला, एक कोन्ती कोकिळा...”

देवकाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, त्यांना प्रफुलनं धावत येऊन बसवलं. चक्कर आली असं सगळ्यांना वाटलं. आचल पाणी घेऊन आली. पण त्यांना चक्कर आली नव्हती. कितीतरी वर्षांत ते नाव त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आज ऐकलं ते असं, ‘एक कोन्ती’.

“ते मागचं नाव म्हटलं तू,” त्या हळू म्हणाल्या, “ते ह्याच्यातल्या कोनत्यावर होतं?”

“कोन्तं? कोकिळा?”

“हं.”

“आता काय माहीत आजी. पोत्यात भरून दिले, पोत्यात आले. काऊन? कोन होती?”

देवकाबाईंनी प्रफुलकडे पाहिलं नाही. “तुही आत्या होती,” त्या स्वप्निलला म्हणाल्या.

बाहेर ऑटोवाला भोंगा वाजवत होता. मग प्रफुल त्यांच्यासमोर खाली बसला. पन्नाशीचा माणूस, केस पांढरे झालेले. “आई,” तो म्हणाला, “माह्या आंधी एक गेली, येवढं मले मालूम होतं. तिचं नाव कोकिळा होतं?”

त्याच्या सख्ख्या बहिणीचं नाव त्याला शोरूममध्ये कळत होतं. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर दिवसभर धावपळ झाली. स्वप्निलनं नागपूरला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला की साहेब, तुम्हीच सांगितलं ना एकदम प्लेन करा म्हणून, आधी घासाई मग पॉलिश, आता काय दिसणार? आचलनं मोबाइलचा दिवा तिरपा धरून सहाही पेले पाहिले, घरातला भिंगाचा चष्मा आणला. लाखेखाली पितळ पाण्यासारखं एकसारखं होतं. मग तिला आठवलं की भांडी पाठवण्याआधी दादानं फोटो काढला होता. तो सापडलाही. पोत्याचं उघडं तोंड, त्यात काळपट काठ एकावर एक. तिनं दोन बोटांनी तो मोठा करत नेला, मोठा करत नेला, शेवटी नुसते चौकोन उरले.

“आजी, वजन करून पाहू?” ती म्हणाली. “तुला हातात आठवत असेल.”

देवकाबाईंनी पुन्हा एकेक हातात घेतला. त्यांना फक्त नाव आठवत होतं. बोटाला एवढी वर्षं टिंबं सापडत होती, त्यामुळे बाकी काही लक्षात ठेवायची गरजच पडली नव्हती. एक जरा कलता होता का? असेल. पोचे काढून सगळे सरळ झाले होते.

संध्याकाळी स्वप्निल येऊन पायांशी बसला. त्याचे डोळे लाल होते. “आजी, मी नाव टाकून आनतो. लेझरवाला आहे इथं बाजारात, दोन मिनिटांचं काम आहे. तू म्हनशील तसंच अक्षर.”

“कोनत्यावर टाकशील?”

त्यानं सहाही पेल्यांकडे पाहिलं. “सहाहीवर टाकतो,” तो म्हणाला.

“निशानी एकच असते बाळा,” देवकाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. “सहा असली का ते भांडे असते. आन् ते पाच त्या बायकाइचे आहे. त्याइचं नाव मी येवढे दिवस राखलं, तं त्याच्यावर माह्या पोरीचं टाकू काय?”

“मंग काय करू? सांग ना. काई तरी सांग.”

त्याच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. दोष कोणाला द्यायचा? पोरानं घरचा नियम पाळला होता. पेला लपवला त्यांनी, तो तसल्याच पाचांत लपवला त्यांनी, नाव तोंडातून काढलं नाही तेही त्यांनीच. एकदा कधी म्हटलं असतं की ही माह्या लेकीची निशानी, तर घरातल्या कोणीही त्या पेल्याला कानस लावू दिली नसती. सासू जाऊनही किती वर्षं झाली होती. मग गप्प कोणासाठी होत्या? रात्री जेवण गेलं नाही. कोकिळेचा चेहरा आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. तो तर पेल्याच्या आधीच पुसट झाला होता. बोटानं चाचपून बघायची सवय तेवढी आठवली, तीही पोरीची की आपली, हे नीट उमजेना.

अखजीच्या सकाळी घागर भरली. सासऱ्यांचं, सासूचं, सदाशिवरावांचं पाणी झालं. प्रफुल म्हणाला, “आई, तिच्याही नावानं ठेवू ना यंदा.” देवकाबाई म्हणाल्या, “लेकराचं नसते.” पण मग उठल्या, काचेच्या कपाटातून सहाही पेले काढले आणि माठाशेजारच्या ओट्यावर ओळीनं मांडून पाण्यानं भरले. आणि तिथेच उभ्या राहिल्या. एक उचलून प्यावा, तर तो प्रमिलाबाईचा निघायचा. सगळे प्यावे, तर पाच घरची मेलेली माणसं पोटात घेतल्यासारखं व्हायचं. कोणताच उचलवेना.

तेवढ्यात उद्‌घाटनाची माणसं येऊ लागली. नातेवाईक, बाजारातले व्यापारी, फर्निचरवाले. बाहेरच्या उन्हानं सगळ्यांचे घसे सुकलेले. कागदी पेले आणायचे राहिले होते. कोणी तरी म्हणालं, “वा, पितळेच्या पेल्यात पानी! इंतजाम भारी आहे बुवा.” एकेकानं एकेक उचलला. ग्रॅनाइटवाल्यानं वरून घटाघटा ओतून घेतलं. कोणाच्या तरी मुलानं अर्धा पिऊन अर्धा सांडला. ओल्या हातांचे ठसे सहाही पेल्यांवर उमटले आणि वाळले.

प्रफुल पुढे झाला होता, थांबवायला. देवकाबाईंनी हातानंच त्याला नको म्हटलं. त्या पाहत होत्या, आत्ता ह्यांच्यापैकी कोणाच्या तरी तोंडाला तो आहे. मग पाहायचंही सोडून दिलं. फीत कापून झाली तेव्हा पेले इकडेतिकडे पडले होते, एक शेगडीवर, एक खिडकीत.

“पाण्यापाशीच ठेवजो आता ते,” त्या आचलला म्हणाल्या. “येनाऱ्या-जानाऱ्याले होतीन.”

लोक पांगल्यावर स्वप्निल स्टूल घेऊन आला. पाटी बदलायची राहिली होती, नवी दुपारीच करून आणली होती, बगलेत धरलेली. तो स्टुलावर चढला आणि पेचकस लावून पहिला स्क्रू फिरवू लागला.

देवकाबाई खुर्चीवर टेकल्या होत्या. गळ्यात उद्‌घाटनाचा हार तसाच होता, काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्यांनी हाराला हात लावला आणि वर पाटीकडे पाहिलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या.

“आजी, तूच तं म्हनली ना, जित्या मानसाची निशानी म्हनू नये.”

“म्हनली होती.” त्यांनी डोळे मिटून घेतले. “आता चालते. स्क्रू कसून टाक आन् खाली उतर, पडशील.”